पिवळ्याच्या जागी

बी.एस्सी.ला वर्णपटाची आकृती काढून
मी पाचपैकी साडेचार मिळवले होते.
प्रत्यक्ष पाहिला नव्हता कधी.
कॉलेजातलं उपकरण कुलपात असायचं
आणि किल्लीवाले सर कायम अकोल्याला.

म्हणून यंदा नववीसमोर ठेवला बुटाचा खोका.
आतून काजळ फासलेला,
एका टोकाला दोन अर्धी ब्लेडं समोरासमोर,
मधे केसाएवढी फट,
दुसऱ्या टोकाला तिरपा डीव्हीडीचा तुकडा.
सुकेशिनीच्या मामाच्या लग्नाची होती ती,
वरात, आहेर, रुसलेले जावई,
सगळं कात्रीनं कापून आणलेलं.

"मामा रागावले नाहीत?"
"मामीच म्हने, ने बाई."

खिचडीची शेगडी रिकामी होती.
पंचफुलाबाईंनी दहा मिनिटं दिली, वर एक नाही.
निळ्या ज्योतीत आधी फिकट पट्ट्या दिसल्या,
हिरवट, निळसर, ओल्या कापडातून झिरपाव्यात तशा.
मग हिटरच्या कॉईलची तार
हापशीच्या पाण्यात बुडवून धरली
आणि खोक्यात एक रेघ पेटली. पिवळी. एकच.
पट्टीनं आखून आत हळद भरावी तशी.

"सोडियम," मी म्हणालो.
आवाज जरा कापलाच.

मग शिकवू लागलो:
अणूच्या आत शिडी असते.
मांजर उतरतं तेव्हा पायरीवरच पाय देतं,
दोन पायऱ्यांच्या मधे त्याला उभं राहता येत नाही.
जेवढी उडी, तेवढाच रंग.
मागून सोहेल म्हणाला, "अन् सर, मांजर पडलं तं?"
हे पुस्तकात नव्हतं.

आता दुसरं काही पाहू म्हणून
कुणी तंबाखूचा चुना आणला, कुणी मोरचूद.
पण आधीची रेघ जाईना.
हापशीवर तार धुतली, रेघ.
विहिरीवर धुतली, अजून ठसठशीत.
पंचफुलाबाईंच्या पदराला पुसली, तरीही.
"काहून जाऊन नाही रायली बे हे?"

इथं पूर्णेकाठी जमीनच खारी.
भिंतींना मीठ फुटतं, डाळ शिजत नाही,
पाहुणे पाण्याच्या पहिल्या घोटाला थांबतात
आणि काही न बोलता तांब्या खाली ठेवतात.

सोहेलनं बापाच्या ग्यारेजातून
बॅटरीत टाकायचं पाणी आणलं.
त्यात बुडवली, ज्योतीत लाल केली, पुन्हा बुडवली.
दहा मिनिटांचा पाऊण तास झाला होता.
तिसऱ्यांदा रेघ गेली.
सुकेशिनीनं तारेला नुसतं बोट लावलं,
ताप उतरला का बघावं तसं,
आणि रेघ परत.
तिनं बोट ओढणीला पुसलं,
मग कुणी बघत नाही असं बघून
चाटून पाहिलं.

दुपारी तिनंच खोका धरला
उन्हानं पांढऱ्या पडलेल्या भिंतीकडे.
(सूर्याकडे नाही, हे शंभरदा बजावलेलं.)
तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग सलग सांडलेले.
"सर, पिवळ्यात ओरखडा हाये. काळा."
डीव्हीडीला आला असेल, म्हटलं.
तिनं फुंकर मारली, पुसलं, पुन्हा डोळा लावला.
ओरखडा तिथंच,
सकाळी पिवळ्या रेघेपाशी खूण केली होती
बरोब्बर त्या जागी.

मला घाम आला.
सांगितलं कसंबसं, की सूर्याच्या अंगावरही तोच अणू आहे,
आतून येणाऱ्या उजेडातला आपला रंग
तो वाटेतच अडवतो.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली,
"म्हंजे थो बी आपल्याच पट्ट्यातला."

तेवढ्यात गोड पाण्याचा टँकर आला
आणि वर्ग रिकामा झाला,
हंडे, कॅन, कुणाची तरी एक चप्पल मागे.

शेगडी मोकळी होती.
मी टँकरखालचं थोडं पाणी ओंजळीत नाही, बशीत घेतलं,
तार बुडवली, खोक्याला डोळा लावला.
रेघ होती.
सकाळपेक्षा फिकट होती,
की मलाच फिकट हवी होती,
ते काही ठरवता आलं नाही.